बाराव्या पेटीतली खूण

आमच्या कारखान्यात फिटरचं काम संपलं की तो गिअरबॉक्सच्या पेटीतल्या चाकाच्या बगलेला स्वतःची खूण मारत असे. कुणाची चंद्रकोर, कुणाची फुली. ज्याच्याबद्दल मी लिहितो आहे त्याची खूण म्हणजे शेजारी शेजारी दोन ठिपके. पंचावर हातोडीचे दोन हलके टोले, की झालं. वर झाकण बसलं की खूण तेलात बुडून जाई. गिऱ्हाइकाला तिचा पत्ताही नसे. पेटी तक्रार घेऊन परत आली तर ती कुणाच्या हातची ते कळावं म्हणून जुन्या मालकांनी ही पद्धत घातली होती. त्याची पेटी परत येत नसे. ठिपके मात्र तो कधी चुकवायचा नाही.

ते ठिपके मी माझ्या हाताने कानशीने घासून काढले. या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे. कारखान्याच्या फाइलीत माझ्या सहीचा एक अहवाल आहे, आणि तो खोटा आहे. तो मी कुणाच्या दबावाने लिहिला नव्हता. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना कुणाला माझी दया येऊ नये.

कारखाना कुंभिवलीला, हायवेला लागून. पत्र्याची लांब शेड, पुढे ऑफिस. आम्ही वर्म गिअरबॉक्स बनवत असू. आत एक पोलादी स्क्रू आणि त्याला भिडणारं ब्रॉन्झचं दातेरी चाक. मोटरचा वेग कमी करायचा आणि ताकद वाढवायची, एवढंच त्याचं काम. कागदाच्या, रसायनांच्या कारखान्यांना ते लागत. शेडमध्ये सगळे त्याला पेटीच म्हणत.

मी कर्जतचा. आमच्या घरातली माणसं मास्तर, वकील, दुकानदार. हाताला तेल लागणारा मी पहिलाच, आणि मलाही ते थोडंच लागलं. डिप्लोमा झाल्यावर इथे चिकटलो, आणि शेवटच्या वर्षांत तपासणी आणि खरेदी ही दोन्ही टेबलं माझ्याकडे आली. ज्याने माल निवडायचा त्यानेच तो चांगला आहे असं लिहून द्यायचं. ही व्यवस्था बरी नाही हे मला तेव्हाही कळत होतं. मोठेपणा वाटत होता म्हणून मी बोललो नाही.

तो आला डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीतून. वाडीतली माणसं ओतीव भाग उतरवायला रोजावर येत, त्यांच्यातला एक. वय विशीचं. ओझी टाकून झाली की बाकीचे सावलीला बसत आणि हा फिटरच्या टेबलाशी उभा राही. आमच्याकडे तेव्हा एक म्हातारा फिटर होता, तिरकस बोलणारा.

"काय रं, करवंदं सोडून हितं काय बघतो?"

"रंग बघतो."

"रंगातला काय कळतंय तुला?"

"करवंदाचा बी रंगच बघतो आमी. पिकलंय का नाय त्ये हात लावायच्या आदी कळाया पायजे."

म्हातारा हसला आणि त्याने ह्याच्या हातात फडकं दिलं. तिथून सुरुवात झाली. ते काम असं: स्क्रूच्या दातांना निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, चाक फिरवायचं आणि चाकाच्या दातांवर निळा डाग कुठे उमटतो ते पाहायचं. मधोमध उमटला तर ठीक. कडेला उमटला तर चाक तिथेच घासणार, तापणार आणि काही महिन्यांत दात खलास. मग चाकामागे कागदाएवढ्या पातळ चकत्या घालून ते केसभर सरकवायचं, उंच राहिलेली जागा स्क्रेपरने खरवडायची, पुन्हा निळा लावायचा. पुन्हा खरवडायचं. याला ब्लू मॅचिंग म्हणतात. वाचताना सोपं वाटतं. मी दोनदा करून पाहिलं, दोन्ही चाकं भंगारात गेली.

पाच-सहा वर्षांत तो म्हाताऱ्याच्या पुढे गेला. मीच जुन्या मालकांना सांगून त्याला कुशल कामगार म्हणून लावून घेतलं. हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एकच काम, म्हणून सांगतो. ओळखपत्रावर हुद्द्यापुढे 'कुशल' असं छापून आलं. त्याला वाचता जेमतेम येत होतं, पण तो शब्द त्याने ओळखून ठेवला. कार्डाला चौकात जाऊन प्लास्टिक लावून आणलं आणि वाडीत सगळ्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "साहेब, आमची म्हातारी म्हनती, देवाम्होरं ठिवू का ह्ये? मी म्हनलो, गेटवर काय मग देव दावू?"

बाहेरच्या देशातून माल आला की आपल्या माणसाचे हात रिकामे होतात, असं सरसकट बोललं जातं. ते खरं नाही, आणि माझ्या बचावासाठी मला ते वापरायचंही नाही. आमच्याकडे बेअरिंगं आणि तेल अडवणारी सीलं पुष्कळ आधीपासून बाहेरची येत. त्यांनी कुणाचं काम खाल्लं नाही. बेअरिंग चांगलं मिळाल्यावर पेटी जास्त टिकू लागली, मोठी गिऱ्हाइकं आली, त्यांच्या आवाजाच्या अटी कडक निघाल्या, आणि दोन फिटर वाढवावे लागले. त्यांना शिकवलं यानेच. बाहेरून काय येतं, आणि ते आल्यावर आत कोणतं काम उरतं, यावर सगळं असतं. ते कुणीतरी नीट पाहून खरं लिहावं लागतं. आमच्याकडे ते काम माझं होतं.

जुने मालक गेले आणि त्यांचा मुलगा कारभार पाहू लागला. मुलगा वाईट नव्हता. हिशेबी होता, पण विचारून करणारा. मला काका म्हणे. एक दिवस त्याने केबिनमध्ये बोलावलं. चीनहून स्क्रू आणि चाकाचे तयार जोड मागवावेत अशी सूचना मीच केली होती. पुरवठादार मीच शोधला होता, नमुने मीच पाहिले होते. बारा जोड न्हावा-शेवा बंदरातून सुटून आले होते.

"काका, मला एकच सांगा," तो म्हणाला. "हे जोड आले तसे बसतात का? बसत असतील तर गिअर कापायचा विभाग बंद करतो, फिटरही ठेवत नाही. कंत्राटी माणसं जोडतील. बसत नसतील तर कापणं बंद करू, पण फिटर ठेवू. लागले तर अजून घेऊ. तुम्ही लिहाल ते मी धरीन."

याहून सरळ प्रश्न कुणी विचारू शकत नाही.

पहिली पेटी आम्ही जोड आला तसा बसवून चालवली. तासाभरात ती इतकी तापली की हात ठेववेना, आणि आवाज तर ऑफिसपर्यंत. मी ती बंद करायला लावली आणि त्या फिटरला हाक मारली.

त्याने झाकण काढलं, निळा लावला, चाक फिरवलं आणि हसला. "कडंला खातंय, साहेब. सगळी अशीच असतील, एका मशीनची हायत."

"निघेल का?"

"निघंल ना. एकाला अर्दा दिवस."

"मग कर. बाराही कर. पण बोभाटा नको."

"बोभाटा कशाला? तुमी लिवणार ना, का फिटरबिगर ह्ये चालत नाय?"

"लिहितो," मी म्हणालो.

सहा दिवस तो त्या टेबलाशी होता. त्या सहा दिवसांत तो खूश होता, हे मला विसरता येत नाही. गिअर कापणाऱ्यांचं काम जाणार हे सगळ्यांना कळलं होतं, शेडमध्ये सुतक होतं, आणि याला वाटत होतं की आपण दाखवून देतोय, निदान फिटर तरी का लागतो ते. बाकीच्या फिटरांना तो सांगत होता, "घाबरू नका रं. साहेब लिवणार हायत." बाराही चाकांचे डाग त्याने मधोमध आणले. सवयीने प्रत्येकाच्या बगलेला दोन ठिपके मारले.

आणि मी? माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मालकाने मुदतवाढीचं सुचवलं होतं, ते मनात होतं, नाही असं नाही. पण खरं कारण त्याहून क्षुद्र आहे. पुरवठादार माझा होता. जोड आले तसे बसत नाहीत असं लिहिणं म्हणजे मी माल नीट पाहिला नाही असं लिहिणं. सगळ्या शेडसमोर मला चुकलेलं दिसायचं नव्हतं. एवढंच. माणसं याहून मोठ्या मोहाला बळी पडतात.

सातव्या दिवशी दुपारनंतर मालक आणि पुरवठादाराचा मुंबईचा एजंट पेट्या उघडून पाहणार होते. चाकांवर ठिपके दिसले असते तर एजंटाने विचारलं असतं, ही खूण कुणाची? मालकाला खुणांची पद्धत माहीत होती. फिटरने हात लावला आहे हे त्याला तिथेच कळलं असतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, शेड रिकामी असताना, मी कानस घेऊन बसलो. ब्रॉन्झ मऊ असतं, ठिपके लवकर गेले. कानस धरायची सवय नव्हती. अंगठ्याला फोड आला.

मी आटोपत असताना तो परत आला. डबा लवकर संपला असेल. माझ्या शर्टाच्या बाहीवर पिवळा कीस पडला होता, तो त्याने पाहिला.

"साहेब, कशाला पुसलं?"

"तपासणीला बाहेरची खूण चालत नाही. नियम आहे."

मी टेबलावरची चाकं मोजली, अकरा होती. "बारावं कुठंय?"

"बंद केला, साहेब. झाकन लावून रंग बी मारला. त्याच्यावर खून मारलीच नाय."

एक कमी, म्हणून मला बरंच वाटलं.

एजंटाने अकरा पेट्या पाहिल्या, फोटो काढले. बाराही पेट्या आठ तास चालवल्या. एकही तापली नाही. मी अहवाल लिहिला: 'सर्व बारा जोड आले त्या स्थितीत बसवले. हाताने दुरुस्तीची गरज पडली नाही. जोडणीसाठी कुशल फिटरची आवश्यकता नाही.' तिसरं वाक्य मला कुणी विचारलंही नव्हतं. अहवाल पुरा दिसावा म्हणून घातलं.

गिअर कापायची मशीनं महिन्याभरात उचलली गेली. म्हातारा फिटर आधीच घरी बसला होता, दोघे दुसरीकडे गेले. हा वाडीपासून लांब जाऊ शकत नव्हता. आई अंथरुणाला होती. त्याला पॅकिंगला टाकलं. कंत्राटदाराचं नवं कार्ड मिळालं, त्यावर 'हेल्पर' आणि खाली 'अकुशल'. तो नवा शब्दही त्याने ओळखला असणार, कारण आधीच्या शब्दाला पुढे एक अक्षर लागलं होतं, बाकी सगळं तेच.

पुढचे जोड शेकड्यांनी आले. ते कोण बसवणार? कंत्राटदाराची माणसं आले तसे बसवू लागली, माझ्या अहवालाप्रमाणे. सहा महिन्यांत पेट्या परत यायला लागल्या. दात झिजलेले, तेल काळं.

"काका, ट्रायलला एकही गरम झाली नव्हती," मालक म्हणाला.

"माणसं नवी आहेत. हात बसला नाही त्यांचा."

हे माझं दुसरं खोटं, आणि ते पहिल्याहून स्वस्तात बोललो. जोडणाऱ्या माणसांना शेडमध्ये उभं करून मालकाने झाडलं. पॅकिंगमधून तो फिटरही तिथेच आला होता, हातात खोक्याला लावायची चिकटपट्टी. त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

मग पुण्याहून एक इंजिनीअर बाई आणली. तिच्याबरोबर मोजायचं यंत्र आलं, संगणकाला जोडलेलं. म्हणजे कुशल माणूस लागलाच. फक्त वेगळ्या घरातला, वेगळं शिकलेला लागला. बाई हुशार होती आणि सरळही. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, "आधी हे जोड दुरुस्त कोण करत होतं?"

"आधी लागत नव्हतं," मी म्हणालो.

पण शेडमधल्या कुणीतरी तिला खरं सांगितलं. ती त्याला पॅकिंगमधून उठवून नेऊ लागली. परत आलेल्या पेट्या तो नीट करी, ती शेजारी बसून विचारी: डाग इथं आला तर किती सरकवायचं, इतका पसरला तर चालतो का. तो सांगे, ती मोजून लिहून घेई. अंगावर हेल्परचं कार्ड, संध्याकाळी पुन्हा खोकी. त्याला फिटरच्या जागेवर घ्या असं तिने मालकाला सांगितलं तेव्हा मालकाने तिला माझा अहवाल दाखवला. त्यात फिटर लागत नाही असंच होतं. वर्षभरात तिने लिहून घेतलेलं सगळं एका ड्रॉइंगवर उतरलं, ते ड्रॉइंग पुरवठादाराकडे गेलं आणि तिकडून जोड नीट येऊ लागले. मग खरोखरच फिटर लागेना. पुढे तीही दुसरीकडे गेली. माझा खोटा अहवाल असा अखेरीस खरा झाला, आणि तो खरा करायला लागलेलं ज्ञान त्याचंच होतं.

माझी मुदतवाढ संपून मी घरी बसलो होतो तेव्हा तो एकदा कर्जतला आमच्याकडे आला. घर विचारत विचारत आला. पायरीवरच बसला, वर ये म्हटलं तरी. लोधिवलीजवळच्या एका वर्कशॉपला फिटर हवा होता.

"काम येतं त्ये त्यांनी बघितला," तो म्हणाला. "शेट म्हनतो, हात चांगला हाय, पन कागद आन. फिटर व्हतास असा कुनाचा तरी कागद आन."

"मग ऑफिसातून घे."

"त्यांनी दिला." खिशातून घडी काढून त्याने माझ्यासमोर धरली. हेल्पर, पॅकिंग विभाग. "ह्यो कसा चालंल? जुना कार्ड त्यांनी तवाच काढून घेतला. साहेब, तुमी दोन वळी लिवा. तुमच्या हाताखाली व्हतो. बारा पेट्या केल्या त्या लिवा, तुमाला म्हाईत हायत."

नुसतं फिटर होता एवढं लिहिलं असतं तरी त्याचं काम झालं असतं. पण 'बारा पेट्या' हे शब्द ऐकले आणि मला फाइलीतला तो कागद दिसला. एक कागद निघाला की दुसरा निघतो असं वाटलं. मी म्हणालो, आता मी कंपनीत नाही, माझ्या सहीला अर्थ नाही, तू ऑफिसातच पुन्हा विचार.

"बरं," तो म्हणाला. चहा पूर्ण प्याला, कप विसळून पायरीवर उपडा ठेवला आणि गेला.

बायकोने विचारलं, "काय हवं होतं त्याला?"

"काही नाही, असाच आला होता."

"असं इतक्या लांबून कोण येतं?" ती म्हणाली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली.

गेल्या वर्षी भाच्याच्या मुलीचा साखरपुडा कळंबच्या एका रिसॉर्टवर होता. जेवणं झाल्यावर मी हात धुवायला बाजूला गेलो, तर पोहण्याच्या तलावामागे पंपाची खोली होती आणि दारात तो, हिरवा गणवेश घातलेला, हातात पाण्याचा पाइप. केस पांढरे. त्यानेच आधी ओळखलं.

"साहेब. वाळलात लय."

मी इकडचं तिकडचं विचारलं. आई केव्हाच गेली. तो इथे बाग पाहतो, झाडांना पाणी देतो. लोधिवलीचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या ठिपक्यांचं मी..."

"तवाच कळला व्हता," तो शांतपणे म्हणाला. "नियम बियम काय नव्हता. कानस आडवी फिरवली तुमी. शिकाऊ मानूस फिरवतो तशी. वण राहिलं व्हतं."

"मग बोलला का नाहीस? मालकाला सांगायचं होतंस."

"मी कशाला बोलू?" त्याने पाइप दुसऱ्या हातात घेतला. "तुमी लिवणार व्हते ना."

त्यानंतर मला घरी स्वस्थ बसवेना. मी एक निवेदन लिहिलं, सही केली आणि मालकाला पाठवलं. त्याचा फोन आला. आवाज तसाच आदराचा. "काका, मिळालं पत्र. पण आता कशाला त्रास करून घेता? आता तिथे गोडाऊन आहे फक्त. पेटी तयारच येते, आपण नावाची पट्टी लावतो." मग म्हणाला, "तुम्ही तेव्हा खरं लिहिलं असतंत, तर मी चार फिटर ठेवले असते. तसं म्हणालो होतो तुम्हाला." त्याला टोचायचं नव्हतं. त्याला नुसतं आठवत होतं.

मग मी दुसरा कागद लिहिला, त्याच्यासाठी, आणि तो घेऊन कळंबला गेलो. तो बागेत होता. कागद हातात घेऊन त्याने पाहिला आणि परत माझ्याकडे दिला. "वाचा."

मी वाचायला लागलो. "'त्यांनी सलग पंधरा वर्षं कुशल फिटर म्हणून...'"

"कोन त्यांनी?"

"तूच."

"हां. वाचा."

"'चाचणीच्या बाराही जोडांवर त्यांनी हाताने काम करून ते चालण्याजोगे केले. त्यांपैकी अकरा चाकांवरची त्यांची खूण मी स्वतः घासून काढली. बाराव्यावर खूण नव्हती.'"

"चूक हाय त्ये," तो म्हणाला.

"काय चूक?"

"बाराव्यावर व्हती. खिडकीतून बघितला तुमी काय करताव त्ये. आत येऊन तुमच्या मागंच झाकन लावला आनि मग म्हनलो, मारलीच नाय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले. "रंग बी ओला व्हता. तुमी हात लावून बघितला असता तर कळला असता. तुमी कवा हात लावून बघितला नाय."

मी तिथेच बाकावर कागद ठेवून ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: बाराव्या चाकावर खूण होती व आहे. बाजूला सही केली. त्याने कागदावरून बोट फिरवलं, ते एका शब्दाशी थांबलं, पुढे गेलं.

"आता ह्यो मॅनेजरला वाचून दावा," तो म्हणाला. "हितल्या पंपाचा बेरिंग गेलाय. मी दोन आठवडं सांगतोय, पट्ट्यात आवाज येतो. त्यो म्हनतो, तू झाडं बघ."

मॅनेजर पंचविशीचा, टेबलामागे. मी उभ्यानेच सगळा कागद वाचला. फिटर दाराशी उभा होता, पाय बाहेरच ठेवून. आणखी दोन वाढपी आणि हिशेबाची मुलगी ऐकत होती. मॅनेजरने मध्ये थांबवलं नाही.

"छान आहे, काका," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे, माहीतच नव्हतं आम्हाला. पण पंपाचं काँट्रॅक्ट बाहेर दिलंय. ते बेअरिंग वगैरे बदलत नाहीत आता. बिघडला की ते अख्खा नवा युनिट आणून बसवतात. चायनाचा असतो, चालतो दोन वर्षं. उघडायचाच नसतो तो."

आम्ही दोघे बाहेर आलो. कागद मी त्याच्या हातात दिला. त्याने चार घड्या घातल्या आणि गणवेशाच्या खिशात ठेवला. मी म्हणालो, मी अजून कुणाला तरी भेटतो, कुठे तरी शब्द टाकतो.

"आता कशाला? छप्पन झाली मला," तो म्हणाला. "चार मानसांम्होरं वाचला ना तुमी. बास." पंपाच्या खोलीकडे कान देऊन तो क्षणभर थांबला. आवाज मलाही येत होता, पण आवाज एवढंच मला कळत होतं. "लय तर आठ दिस," तो म्हणाला आणि पाइप उचलला. "तुमी निघा आता. कर्जतची गाडी चुकंल."